यमाजीपंतांची कचेरी

जपानच्या नरकात सध्या माणसं कमी पडताहेत. म्हणजे पापी माणसं नव्हेत, ती भरपूर आहेत. कामाला माणसं कमी पडताहेत. पृथ्वीवर लोकसंख्या वाढली, त्या प्रमाणात मरणारे वाढले, मरणाऱ्यांत पापी वाढले, आणि नरकातली पदं मात्र पूर्वीइतकीच. मग रिक्त जागा भरा, नव्यांना काम शिकवा, एका खात्यातला माणूस दुसऱ्या खात्यात 'तात्पुरता' पाठवा... शाळेत नोकरी केलेल्यांना पुढचं सांगायला नकोच!

ही सगळी गंमत 'होझुकी नो रेइतेत्सु' नावाच्या जपानी कार्टून मालिकेतली आहे. (कार्टून म्हटलं की नातू चिडतो. "आजी, अ‍ॅनिमे म्हण." बरं बाबा, अ‍ॅनिमे.) नात्सुमी एगुची या बाईंनी २०११ ते २०२० अशी नऊ वर्षं एका साप्ताहिकात ही चित्रकथा लिहिली आणि काढली. तिचे ३१ खंड झाले. २०१४ साली तिच्यावरून पहिली मालिका निघाली, तेरा भागांची. नातू पुण्याहून येताना ती लॅपटॉपवर भरून घेऊन आला, कारण आमच्या काठीत नेट डोंगराच्या मर्जीने येतं. खाली इंग्रजी अक्षरं पळत असतात, ती वाचेपर्यंत चित्र पुढे गेलेलं असतं. म्हणून तो थांबवून थांबवून मला मराठीत सांगत होता. तेरा भागांना आम्हाला आठ दिवस लागले. पण मंडळी, सत्तरी उलटल्यावर इतकी हसल्याचं मला आठवत नाही.

कथा अशी काही नाहीच. नरकाचा राजा एन्मा. भला मोठा देह, दाढी, मोठा आवाज, आणि स्वभावाने अगदी मऊ, थोडा आळशी. त्याचा मुख्य कारभारी होझुकी. कपाळावर एक शिंग, हातात काटेरी लोखंडी सोटा, चेहऱ्यावर सुरकुतीही हलत नाही. साहेब कामात चुकला तर तो साहेबालाच सोटा हाणतो. सगळा नरक हाच चालवतो. अशी जोडी कुठल्या कचेरीत नसते?

पहिल्याच भागात मोमोतारो येतो. जपानी मुलांचा हा फार लाडका वीर. पीचच्या फळातून जन्मला, कुत्रा, माकड आणि एक रानपक्षी असे तीन सोबती घेऊन राक्षसांच्या बेटावर गेला आणि त्यांना हरवून आला, अशी ती लोककथा. मालिकेत तो मेल्यावरही त्याच तोऱ्यात नरकात येऊन राक्षसांना आव्हान देतो. होझुकी त्याच्याशी लढत नाही. त्याच्या तिन्ही सोबत्यांना, जनावरांना छळणाऱ्या पाप्यांच्या नरकात नोकरी देतो आणि खुद्द मोमोतारोला स्वर्गातल्या पीचच्या बागेची राखण करायला पाठवतो. पीचमधून आला तो पीचमध्ये गेला! दिग्विजयी वीराचं असं पुनर्वसन बघून मला आमच्या ओळखीचे काही निवृत्त पुढारी आठवले. असो.

आता हा एन्मा कोण? तर आपला यमच. 'यमराज' हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला, तिथे त्याचा 'येनलुओ' झाला, आणि तिथून जपानात पोचेपर्यंत 'एन्मा'. सरस्वती तिकडे बेन्झाइतेन म्हणून वीणेसारखं वाद्य घेऊन बसली आहे, इंद्र आहे, ब्रह्मदेव आहे. नरकांचीसुद्धा तीच गोष्ट. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांची यादी आहे, त्यातला 'कालसूत्र' जपानी नरकांत 'काळा दोर' या अर्थाच्या नावाने भेटतो. आपला 'अवीचि' तिथे 'आबी' झाला आहे आणि 'रौरव' किंकाळ्यांचा नरक. या दोघांना जोडून झालेला 'आबिक्योकान' हा शब्द जपानी माणूस आजही नुसता हाहाकार सांगायला वापरतो. आपण 'रौरव' वापरतो तसाच. जपान्यांचा हिशेब मात्र आपल्यापेक्षा काटेकोर. आठ उष्ण नरक, आठ थंड, आणि पोटविभाग धरून एकूण २७२. होझुकीला ते सगळे सांभाळायचे असतात.

एक शब्द कळला तेव्हा तर मी जागच्या जागी उडाले. एन्माजवळ पापपुण्याची वही असते, चित्रगुप्ताच्या वहीसारखी. तिला 'एन्माचो' म्हणतात. आणि जपानी शाळांत मुलं गुरुजींच्या गुणांच्या वहीलाही 'एन्माचो'च म्हणतात! छत्तीस वर्षं मी ती वही बगलेत घेऊन फिरले, पण तिला इतकं चपखल नाव आमच्या एकाही पोराला सुचलं नव्हतं.

मागे एका नोंदीत या मालिकेचा मी ओझरता उल्लेख केला, तर शहाद्याहून दादाचा फोन आला. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि अजून रोज संध्या करणारा. "बाई, यम म्हणजे धर्मराज. दक्षिणेचा दिक्पाल. त्याला सोटे मारलेले बघून तू हसतेस? आणि वर नातवाला शेजारी बसवून?" एका मामेबहिणीनेही तसंच कळवलं, जरा गोड शब्दांत. दोघांनी प्रेमापोटीच म्हटलं, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

दादा, यमाला हसण्यात काही परकं नाही, हे आपल्या नाथमहाराजांकडूनच कळतं. एकनाथांची भारुडं आपण लहानपणी ऐकली ती विंचवाची आणि भवानीची. पण त्यांनी कचेरीच्या कागदांच्या थाटातही रचना केल्या आहेत. 'अर्जदस्त' म्हणून जी आहे ती एकदा काढून वाच. अस्सल फारसी वळणाचा सरकारी अर्ज आहे तो. देह हा परगणा, जीव हा त्यावरचा शेकदार, बुद्धी कारकून. मन हा देशमुख आपलं काम परस्पर उरकून घेतो, ममता ही देशपांडीण, क्रोध हा नाईकवाडी, दंभ हा शेटे. सगळे मिळून कारभाराचं वाटोळं करतात, आणि तेवढ्यात यमाजीपंतांचं बोलावणं येतं. यमाजी'पंत'! मरणाला पगडी घालून कचेरीत बसवलं महाराजांनी, तेही सोळाव्या शतकात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, तेव्हा अर्ज, तलब, हिशेब हे सगळं त्यांनी जवळून पाहिलं होतं. पैठणच्या वाळवंटात हे ऐकून लोक हसले असतील की नाही? मला तर खात्री आहे, पोट धरून हसले असतील. आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं असेल की हा अर्ज आपल्याच नावाचा आहे.

एगुचीबाईंनी वेगळं काय केलं? कचेरी आजची घेतली, इतकंच.

जपानातही ही परंपरा जुनीच आहे. राकुगो म्हणून त्यांचा एक कथाकथनाचा प्रकार आहे. एक माणूस उशीवर बसून, पंखा आणि हातरुमाल एवढ्यावर सगळी पात्रं उभी करतो. आपल्या कीर्तनातला उत्तररंग काढून घेऊन त्यातला उपदेश वजा करावा, तसं काहीसं. त्यात नरकाच्या सहलीची एक भलीमोठी गोष्ट आहे, सांगायला तासाहून जास्त लागतो. ओसाका भागातले थोर कथाकार कात्सुरा बेइचो (१९२५-२०१५) यांनी ती विस्मरणातून वर काढली. बांगड्यासारखा मासा खाऊन मेलेला माणूस, हौसेने मरून आलेले शौकीन, सगळे नदी ओलांडून यात्रेला निघाल्यासारखे एन्माच्या दरबारी जातात. शेवटी एक राक्षस चौघांना गिळतो, तर ते पोटात बसून त्याच्या शिरा ओढतात, त्याला शिंका काय आणतात, हसवतात काय! पूर्वी तर जपानात १६ जानेवारी आणि १६ जुलै असे दोन दिवस नरकाच्या कढईचं झाकण उघडतं, राक्षसांनाही सुट्टी, अशी समजूत होती, आणि त्याच दिवशी घरगड्यांना, दुकानातल्या पोरांना आपापल्या घरी जायची मुभा मिळे. नरकाला सुट्टी आहे तर नोकराला का नको, हा युक्तिवाद मला फार आवडला.

आपल्याकडे सिनेमावाल्यांनी यमाला पडद्यावर आणून पुष्कळ हसवलं. बंगालीत १९५८ साली 'यमालये जीवंत मानुष' आला, तेलुगूत १९७७ साली 'यमगोला', त्यावरून हिंदीत 'लोक परलोक', पुढे तेलुगूतच 'यमलीला' आणि त्यावरून 'तकदीरवाला', ज्यात कादर खान यम झाले होते. नातवाने मला त्यातले तुकडे दाखवले. पण प्रामाणिकपणे सांगते, बहुतेक ठिकाणी हसू येतं ते रेड्याचं, मुकुटाचं आणि यमाला पृथ्वीवरच्या गर्दीची सवय नसल्याचं. यमाचं रोजचं काम कुणाला दिसतच नाही. होझुकीची मालिका कामाकडे बघते. कढई घासायला कोण, पापी ओरडताहेत त्यांचा आवाज मोजायचा कसा, युरोपातला सैतान पाहुणा आला तर त्याला काय खाऊ घालायचं. गोडी आहे ती यात. ज्या जागेचं आपल्याला सर्वांत जास्त भय, तिथेही कुणीतरी सकाळी उठून हजेरी लावतं, दुपारी डबा खातं, साहेबावर चरफडतं. भय जात नाही, पण ओळखीचं होतं.

आणि कचेरी म्हटली की चूक आली. एकाच नावाच्या दोन माणसांतला भलताच उचलून नेला आणि चित्रगुप्ताने वही उघडून परत पाठवला, ही गोष्ट आपल्याकडे गावोगाव सांगतात. आमच्या या भागात तर चित्रगुप्ताची खैर नाही. अर्धा वर्ग वसावे, उरलेला पाडवी आणि वळवी; एका वर्षी माझ्याच पटावर एकाच नावाची चार मुलं होती, वडिलांची नावंही दोघांची एकच. मी 'मोठा', 'धाकटा', 'नदीपलीकडचा' आणि 'डाव्या हाताचा' अशी सोय केली होती. यमदूतांना ही सोय कोण सांगणार?

पृथ्वीवरचे चित्रगुप्त तरी कुठे बिनचूक आहेत? आझमगढ जिल्ह्यातल्या लालबिहारींना सरकारी दप्तराने १९७५ साली मृत ठरवलं आणि जिवंत व्हायला त्यांना १९९४ उजाडलं. गृहस्थ वल्ली, नावापुढे 'मृतक' लावून त्यांनी कागदोपत्री मेलेल्यांचा संघच काढला. त्यांच्यावरचा 'कागज' हा सिनेमा २०२१ साली आला, पंकज त्रिपाठींचा. आम्हा पेन्शनर मंडळींना तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. गेल्या वर्षी अंगठ्याच्या यंत्राने मला जिवंत मानायला साफ नकार दिला. खडू धरून धरून बोटांच्या रेषा गेल्या म्हणतात. मी समोर उभी, बोलतेय, घाम पुसतेय, आणि खिडकीमागचा मुलगा गंभीरपणे म्हणतो, "आजी, तुम्ही येत नाही आहात." पाचव्यांदा डाव्या हाताची करंगळी चालली. होझुकीच्या नरकात हा प्रसंग जसाच्या तसा खपला असता.

हे झालं हसण्याचं. पण मी ही मालिका आठ दिवस नुसती हसायला पाहिली नाही, आणि दादाला जे खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

हे गेले तेव्हा घरात दहा दिवस गरुडपुराण वाचलं गेलं. रीत म्हणून. कुणाचा दोष नाही. वाचणारे गुरुजीही भले होते. पण ऐकणारी मी होते. यमपुरीचा रस्ता शहाऐंशी हजार योजनं, तापलेली वाळू, तलवारीच्या पानांचं अरण्य, रक्तामांसाची वैतरणी... आणि चालणारा कोण? तर ज्याने जन्मात लायब्ररीची तीन पुस्तकं परत केली नाहीत, एवढाच काय तो गुन्हा. एकेक ओळ ऐकताना पोटात गोळा येई. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते शहाऐंशी हजार योजनांचं पुन्हा आलं, आणि माझ्या मनात एकदम आलं, एवढा प्रवास, तोही पायी, आणि भत्ता नाही? हे मुख्याध्यापक होते. केंद्राच्या बैठकीला मोलगीला गेले तरी प्रवासभत्त्याचं बिल त्याच रात्री, कार्बन घालून, तीन प्रतींत. यमाच्या दारात पोचल्या पोचल्या यांनी पहिलं बिल लावलं असणार, किलोमीटर आणि योजनांचं त्रैराशिक मांडून! मी पदरात तोंड घालून हसत सुटले. खांदे हलत होते. वन्संना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, मग खरंच रडले.

त्या दहा दिवसांत मला धीर कुणी दिला असेल तर त्या बिलाने. यमदरबार म्हणजे जिथे बिल लावता येतं, अर्ज करता येतो, 'साहेब, हे बरोबर नाही' म्हणता येतं अशी जागा, हे मनात आलं आणि श्वास घेता आला. नाथांनी आणि एगुचीबाईंनी तेच दिलं आहे. यमाला कमी लेखल्याने मरणाची जरब कमी होत नाही, दादा. त्याच्याशी बोलता येतं, एवढं मात्र कळतं. नचिकेत यमाच्या दारात तीन दिवस उपाशी बसला, तर घरी आलेल्या यमाला अतिथीचा खोळंबा झाल्याचं वाईट वाटलं, आणि तीन रात्रींचे तीन वर देऊन त्याने भरपाई केली. हा कठोपनिषदातला यम मला गरुडपुराणातल्या यमापेक्षा जवळचा आहे. चूक झाली म्हणणारा अधिकारी, तो! असा इहलोकात भेटत नाही.

मालिकेचं सगळंच मला पटलं असं नाही. होझुकीचा थंडपणा कधी कधी अंगावर येतो. यातनांची चित्रं काढताना चित्रकर्तीचा हात जरा जास्तच रमतो, आणि जपानी लोककथा ठाऊक नसतील तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. पण या होझुकीचं पूर्वायुष्य नातवाने सांगितलं तेव्हा माझं हसू थांबलं. तो जन्माने राक्षस नाहीच. तो एक अनाथ मुलगा होता. गावात पाऊस पडेना म्हणून गावकऱ्यांनी त्याचा बळी दिला, आणि मेल्यावर भुताच्या अग्नीशी एक होऊन तो राक्षस झाला. नाव मिळालं तेही एन्माकडून. नचिकेतही असाच, बापाने रागाच्या भरात मृत्यूला देऊन टाकलेला. शुनःशेप तर बापाने यज्ञात बळी द्यायला विकलेला. पोरं देऊन टाकायची, हे दोन्हीकडे सारखंच.

त्या 'एन्माचो'वर माझं मन म्हणूनच अडकून राहिलं. माझ्या हजेरीपटावर नुसत्या गैरहजेऱ्या नव्हत्या. पावसाळा संपून पट मोजला की एखादं नाव गळलेलं असायचं. ताप, साप, आणि पुष्कळदा काहीच नाही, नुसती हाडं वर आलेली. नंदुरबारचं कुपोषण वर्तमानपत्रात आकड्यांत येतं, माझ्याकडे ते नावाने यायचं. लाल शाईने रेघ मारायची आणि शेऱ्याच्या रकान्यात 'मयत' लिहायचं. नऊ वर्षांच्या पोरापुढे. चित्रगुप्ताची वही म्हणतात ती मी लिहिली आहे, तिचं वजन मला माहीत आहे.

जपानी समजुतीत नरकाच्या वाटेवर नदीकाठचं एक वाळवंट आहे. आईबापांआधी मेलेली मुलं तिथे दगडावर दगड रचतात, राक्षस ते पाडतात, मुलं पुन्हा रचतात. आईबापांना दुःख दिलं, म्हणून ही शिक्षा! क्षितिगर्भ बोधिसत्त्व, म्हणजे त्यांचा जिझो, शेवटी येऊन त्यांना आपल्या झग्यात घेतो, म्हणून जपानात रस्तोरस्ती लाल लाळेरी बांधलेल्या त्याच्या मूर्ती दिसतात. पण मुलांचा दोष काढणारी ती पहिली कल्पना कुणाला सुचली असेल? यावर विनोद झाला तर मी हसणार नाही. तिथे मला मांडव्य ऋषी हवा. चोरांच्या आळाने सुळावर चढवला गेलेला हा ऋषी सरळ धर्माकडे, म्हणजे यमाकडे जाऊन विचारतो, माझं पाप कोणतं? तर म्हणे लहानपणी किड्यांना गवताची काडी टोचली होतीस. मांडव्याने यमालाच शाप दिला, म्हणून तो विदुर होऊन दासीच्या पोटी आला. आणि वर नियम करून टाकला, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला पाप लागणार नाही. आपल्या घटनेच्या २४व्या कलमातही कारखान्यात, खाणीत मुलांना न लावण्याचं वय चौदाच आहे, हा योगायोग असेल, पण मला तो पाळायला आवडतो. महाभारतात यमाला जाब विचारल्यावर नरकाचा कायदा बदलतो, दादा! त्यापुढे होझुकीचा सोटा काय?

इथे काठीत राजवाडी होळीला बावा-बुध्ये रात्रभर नाचतात. अंगभर नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू. बाहेरून बघायला येणाऱ्यांना ते आधी भीतिदायक वाटतात. इथल्या पोरांना कधीच नाही. ती त्यांच्या मागे हसत धावतात, कारण त्या रंगाखाली कुणाचा काका आहे ते त्यांना ठाऊक असतं.

तर दिवाळीला नातू येतोय आणि दुसऱ्या पर्वाचे भाग घेऊन येतोय. मी दादाला कळवलं आहे की भाऊबिजेला इकडे ये. यमद्वितीयाच ती, यम यमुनेकडे जेवायला गेला होता, तू माझ्याकडे ये. खापरावरची पुरणपोळी करते, आणि जेवण झाल्यावर एकच भाग बघ, मग काय बोलायचं ते बोल. येतो म्हणालाय. भाग बघेन असं मात्र म्हणालेला नाही.